विकत घेतलेला सिनेमा कुणाचा?

टीव्हीवर किंवा मोबाइलवर एखादा चित्रपट शोधला की बऱ्याचदा त्याच्या नावाखाली दोन बटणं दिसतात. एक भाड्याचं, दुसरं खरेदीचं. भाड्याचा करार स्पष्ट असतो. साधारण ३० दिवसांच्या आत चित्रपट सुरू करायचा आणि एकदा सुरू केला की ठरलेल्या तासांत, बहुधा ४८ तासांत, पाहून संपवायचा. मुदत संपली की विषय संपला. खरेदीच्या बटणाखाली अशी मुदत नसते. रक्कम भाड्याच्या काही पट असते आणि ती भरली की चित्रपट आपल्या खात्यातल्या 'खरेदी' नावाच्या कप्प्यात जाऊन बसतो. आपण घरच्यांना सांगतो, "विकत घेतलाय."

या लेखात मला त्या वाक्याची चौकशी करायची आहे. पंधरा-सतरा वर्षांपूर्वी दादरच्या दुकानातून २८ रुपयांना आणलेली व्हीसीडी आणि आज मोबाइलवर काही शे रुपये भरून घेतलेला चित्रपट, या दोन्ही व्यवहारांना आपण एकच क्रियापद वापरतो. गेलं वर्षभर मी या दुकानांच्या सेवाशर्ती, कायद्याची कलमं आणि न्यायालयांचे निकाल जमेल तसे वाचत होतो. जाहिरातीपेक्षा शर्ती प्रामाणिक असतात, फक्त त्या वाचायची कुणाला सवय नसते. वाचून झाल्यावर माझं मत असं झालं आहे की हे दोन अगदी निराळे व्यवहार आहेत, आणि त्यांतला फरक सगळ्यात महाग कुणाला पडणार असेल तर तो मराठीसारख्या मध्यम बाजारपेठेच्या भाषेला.

तबकडीपासून सुरुवात करू, कारण तिचा हिशेब सोपा आहे. व्हीसीडीचं तांत्रिक प्रमाण १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी मिळून ठरवलं. मौज अशी की या कंपन्यांच्या श्रीमंत गिऱ्हाइकांनी, म्हणजे अमेरिका-युरोपने, तिला कधी जवळ केलंच नाही. ती रुजली चीनमध्ये, आग्नेय आशियात आणि आपल्याकडे. एका तबकडीत ७४ मिनिटं मावत. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे व्हीएचएस कॅसेटच्या तोडीचं. हिंदी चित्रपटाला दोन, नाहीतर तीन तबकड्या लागत आणि नायक-नायिकेचं भांडण ऐन रंगात आलेलं असताना कुणाला तरी उठून तबकडी बदलावी लागे. पण या गरीब माध्यमात दोन गुण होते, ज्यांची तेव्हा कुणी जाहिरात केली नाही. त्याला देशांच्या सीमा नव्हत्या आणि कुलूप नव्हतं. व्हीसीडी संगणकात घातली की आत एक 'डॅट' फाइल उघडी पडलेली दिसते. ती उचलून हव्या त्या ठिकाणी ठेवा, आजही चालते. मुलाकडे न्यू जर्सीला निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेत चकलीच्या डब्याला लागून नाटकांच्या व्हीसीडी असत आणि तिथल्या संगणकावर त्या बिनतक्रार लागत.

डीव्हीडी आली ती सुशिक्षित होऊन. जपानमध्ये १९९६च्या नोव्हेंबरात, अमेरिकेत १९९७ साली. एका थरात ४.७ जीबी जागा, चित्र कितीतरी स्वच्छ, उपशीर्षकं हवी तर दाखवा, नको तर लपवा. पण तिच्यासोबत दोन बंधनंही आली. जगाचे विभाग पाडले गेले: अमेरिका विभाग १, जपान आणि पश्चिम युरोप विभाग २, भारत आणि रशिया विभाग ५. एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर चालू नये अशी योजना होती. (आपल्याकडच्या स्वस्त चिनी प्लेअरनी ही योजना फारशी मनावर घेतली नाही, हा भाग वेगळा.) दुसरं बंधन म्हणजे तबकडीवरच्या मजकुराला घातलेलं सांकेतिक कुलूप. ते १९९९ साली नॉर्वेतल्या एका पोरसवदा मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी फोडलं. त्याच्यावर खटला भरला गेला, आणि २००३ साली तो निर्दोष सुटला. स्वतः विकत घेतलेली तबकडी स्वतःच्या संगणकावर पाहण्यासाठी कुलूप उघडणं म्हणजे चोरी नव्हे, असं तिथल्या न्यायालयाचं म्हणणं पडलं.

म्हणजे कुलूप हे डाउनलोडच्या काळाचं अपत्य नाही. तबकडीलाही ते होतं. फरक किल्लीच्या जागेत आहे, आणि माझ्या मते या विषयाचं सगळं मर्म तिथेच आहे. डीव्हीडीची किल्ली प्लेअरमध्येच बसवलेली असते. प्लेअर आणला, वीज असली, तबकडी धड असली की काम झालं. ती तबकडी काढणारी कंपनी बुडो, विकणारं दुकान बंद पडो, निर्मात्यांच्या वारसांत भांडणं लागोत, तुमच्या दिवाणखान्यात सिनेमा सुरू व्हायला कुणाची परवानगी लागत नाही.

कंपनी बुडो हे मी उगाच लिहिलेलं नाही. २००७ साली मोझर बेअर या कंपनीने चित्रपटांच्या तबकड्यांच्या धंद्यात उडी घेतली. कोऱ्या तबकड्या बनवण्यात ती आधीच मोठी होती. तिने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. त्याआधी अधिकृत डीव्हीडीला काही शे रुपये मोजावे लागत आणि म्हणून बहुतेक लोक पदपथावरची चोरटी प्रत घेत. मोझर बेअरचा हिशेब असा की चोरट्या प्रतीच्या भावात अस्सल प्रत दिली तर लोक अस्सलच घेतील. तो हिशेब काही वर्षं बरोबर आला. तेलुगू, तमिळ, बंगाली, मराठी अशा भाषांमधले, वर्षानुवर्षं कुठे पाहायलाच न मिळालेले चित्रपट किराणा दुकानाच्या काउंटरवर शांपूच्या पुड्यांशेजारी टांगलेले दिसू लागले. मराठीत इतरही कंपन्या या धंद्यात होत्या. व्यावसायिक नाटकांचं चित्रीकरण करून व्हीसीडी काढण्याचा एक स्वतंत्र उद्योगच उभा राहिला. पुढे इंटरनेट स्वस्त झालं, तबकड्यांची मागणी आटली, कर्ज वाढलं आणि २०१८ साली मोझर बेअर दिवाळखोरीच्या कायद्याखाली अवसायनात गेली. तिच्या तबकड्या मात्र अजून लागतात. आज ही कंपनी ॲपच्या रूपात असती आणि आपण तिच्याकडे ३४-३४ रुपयांना चित्रपट 'विकत घेतले' असते, तर २०१८ साली आपल्या हाती काय उरलं असतं?

याचं उत्तर कल्पनेने देण्याची गरज नाही. त्यासाठी डाउनलोड म्हणजे प्रत्यक्षात काय घडतं ते आधी पाहू. आपण पैसे भरतो तेव्हा दुकान आपल्या खात्यात एक नोंद करतं: या ग्राहकाला या चित्रपटाचा परवाना दिला. 'डाउनलोड' दाबल्यावर फोनमध्ये जी फाइल उतरते ती सांकेतिक स्वरूपात कुलूपबंद असते. त्या फाइलला दुसऱ्या फोनमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर टाकून उपयोग नसतो. पाहायला सुरुवात केली की ॲप कंपनीच्या सर्व्हरकडे किल्ली मागतं, सर्व्हर खातं तपासतो, देश तपासतो, यंत्र विश्वासातलं आहे का ते तपासतो आणि मग किल्ली देतो. ॲपलची कुलूप-पद्धत फेअरप्ले, गूगलची वाइडवाइन, मायक्रोसॉफ्टची प्लेरेडी. नावं वेगळी, रिवाज एकच. एचडीचे पैसे भरूनही अमुक फोनवर किंवा अमुक ब्राउझरमध्ये चित्र धूसर दिसण्यामागे बरेचदा हेच कारण असतं: ते यंत्र वरच्या दर्जाच्या किल्लीला पात्र ठरलेलं नसतं. म्हणजे फाइल तुमच्या फोनमध्ये असली तरी सिनेमा सर्व्हरच्या होकारात असतो.

हा होकार दोन कारणांनी थांबू शकतो. एक, दुकानच बंद होतं. दोन, दुकान चालू असतं पण चित्रपटाच्या मालकाशी असलेला त्याचा करार संपतो. दोन्हींची उदाहरणं आहेत. हॉलिवुडच्या बहुतेक मोठ्या स्टुडिओंनी मिळून २०११ साली 'अल्ट्राव्हायलेट' नावाची योजना आणली होती. एकदा विकत घ्या, कायम कुठेही पाहा, असं तिचं आश्वासन होतं. तीन कोटींहून जास्त खाती झाली. ३१ जुलै २०१९ रोजी योजना बंद झाली. ज्यांनी वेळेत आपलं खातं दुसऱ्या दुकानाशी जोडून ठेवलं त्यांचे बहुतेक चित्रपट वाचले. सोनीने २०२१ साली प्लेस्टेशनच्या दुकानात चित्रपट विकणं थांबवलं आणि विकत घेतलेले चित्रपट पाहता येत राहतील असं सांगितलं. पुढच्याच वर्षी जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ग्राहकांना कळवलं गेलं की स्टुडिओकॅनाल या कंपनीचे चित्रपट, विकत घेतलेले असले तरी, ३१ ऑगस्ट २०२२ पासून त्यांच्या संग्रहातून निघतील. २०२३च्या डिसेंबरात डिस्कव्हरीच्या मालिकांबाबत तशीच सूचना निघाली. त्यावर एवढा आरडाओरडा झाला की करार वाढवून ती मागे घ्यावी लागली. त्याआधी, २०१८ साली, ऑस्ट्रेलियातून कॅनडात राहायला गेलेल्या एका माणसाच्या ॲपल खात्यातून त्याने विकत घेतलेले चित्रपट दिसेनासे झाले, कारण खात्याचा देश बदलला होता. परदेशी स्थायिक होणाऱ्या मराठी माणसांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावं. चकलीच्या डब्याशेजारच्या व्हीसीडीला कुणी देश विचारत नव्हतं.

गूगलचं उदाहरण जास्त जवळचं आहे. गूगल प्लेवर चित्रपट भाड्याने आणि विकत देणं भारतात २०१३ साली सुरू झालं. ते ॲप टप्प्याटप्प्याने गुंडाळत २०२४च्या जानेवारीत पूर्ण बंद झालं. ग्राहकांची खरेदी यूट्यूबकडे आणि गूगल टीव्हीकडे वळवली गेली. कुणाचं नुकसान झालं असं मी म्हणत नाही, स्थलांतर बरंच नीट झालं. पण ते झालं ते गूगलने करायचं ठरवलं म्हणून. मायक्रोसॉफ्टनेही २०२५च्या जुलैमध्ये चित्रपट विकणं थांबवलं, जुने ग्राहक तूर्त आपले चित्रपट पाहू शकतात. यातला 'तूर्त' हा शब्द माझा आहे, पण शर्ती वाचल्यावर दुसरा सुचत नाही.

तिसरीही एक शक्यता असते, आणि ती मला अभ्यासक म्हणून जास्त खटकते. चित्रपट जागेवर राहतो आणि आतून बदलतो. १९७१च्या 'द फ्रेंच कनेक्शन'मधला वंशद्वेषी शिवी असलेला प्रसंगाचा तुकडा २०२३ साली अमेरिकेतल्या डिजिटल प्रतींमधून गुपचूप गायब झाल्याचं प्रेक्षकांच्या लक्षात आलं. ती शिवी चांगली नव्हतीच, पण ते पात्र कसं आहे हे सांगायला दिग्दर्शकाने ती ठेवली होती. लक्षात कसं आलं? लोकांकडे जुन्या तबकड्या होत्या, म्हणून. तुलना करायला दुसरी प्रत असावी लागते. आपल्याकडे २०२४च्या जानेवारीत 'अन्नपूर्णी' हा तमिळ चित्रपट वादानंतर नेटफ्लिक्सवरून उतरवला गेला. तो वर्गणीचा मंच होता, खरेदीचा नव्हे, तरी रातोरात प्रत नाहीशी होणं म्हणजे काय, हे त्यातून दिसलं.

आता कायदा. इथे आपल्या देशातली स्थिती रंजक आहे आणि, मला वाटतं, पुरेशी चर्चिली गेलेली नाही. २००४ साली सर्वोच्च न्यायालयासमोर टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश असा विक्रीकराचा वाद होता. सीडीवर घालून विकलेलं सॉफ्टवेअर 'माल' आहे का, हा प्रश्न. पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं, आहे. बौद्धिक निर्मिती तबकडीवर उतरली, तिच्या प्रती झाल्या, बाजारात आल्या, की ती माल. उलट बाजूने २०१७चा एकात्मिक जीएसटी कायदा पाहा. इंटरनेटवरून पुरवलेले चित्रपट, मालिका, संगीत यांना तो 'ऑनलाइन माहिती पुरवण्याची सेवा' या सदरात घालतो. म्हणजे तीच कलाकृती तबकडीवर घेतली की माल आणि फोनवर घेतली की सेवा. आपण 'विकत घेतला' म्हणतो तेव्हा कर घेणारं सरकार म्हणत असतं, तुम्ही सेवा घेतलीत. सेवेची मालकी नसते. न्हाव्याकडून केस कापून घेतल्यावर आपण कात्रीचे मालक होत नाही.

पण म्हणून तबकडीची मालकी पुस्तकाइतकी निखळ आहे असं समजू नये. कॉपीराइट कायद्याच्या १४व्या कलमात पुस्तकांसाठी स्पष्ट म्हटलं आहे की एकदा प्रसारात आलेल्या प्रतीवर लेखक-प्रकाशकाचं नियंत्रण राहत नाही. अप्पा बळवंत चौकातला जुन्या पुस्तकांचा धंदा त्यावर उभा आहे. चित्रपटांच्या बाबतीत मात्र प्रत विकण्याचा आणि भाड्याने देण्याचा हक्क निर्मात्याकडे ठेवला होता, आणि वर 'ती प्रत आधी विकली गेलेली असो वा नसो' अशा अर्थाचे शब्द होते. त्यांच्या आधारावर २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की परदेशात रीतसर विकत घेतलेल्या डीव्हीडी इथे परवानगीवाचून भाड्याने देणं हा कॉपीराइटचा भंग आहे. २०१२च्या दुरुस्तीत ते शब्द गेले, भाड्याच्या जागी 'व्यावसायिक भाडं' आलं, आणि त्याची व्याख्या करताना ना-नफा ग्रंथालयं आणि शैक्षणिक संस्था स्पष्टपणे वगळल्या गेल्या. विक्रीचा हक्क मात्र कलमात अजून आहे. गावातल्या जुन्या व्हिडिओ लायब्ररीचा मालक या कायद्याला घाबरायला हवा होता. तो घाबरला नाही, त्याला इंटरनेटने संपवलं.

वारसाहक्काचं काय? तबकडी ही जंगम वस्तू आहे, ती भांड्याकुंड्यांबरोबर मुलांकडे जाते. ॲपलने २०२१ साली मृत्यूनंतर खात्याचा ताबा नेमलेल्या व्यक्तीला देण्याची सोय केली. छायाचित्रं, संदेश, नोंदी मिळतात. विकत घेतलेले चित्रपट, गाणी, पुस्तकं त्यातून वगळली आहेत. ती खरेदी खरेदीदाराबरोबर जाते. परदेशात निदान शब्दावरून भांडण सुरू झालं आहे. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा केला, तो २०२५च्या १ जानेवारीपासून लागू आहे. ग्राहकाला फक्त परवाना मिळतोय हे ठळक सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तूसाठी 'खरेदी' असा शब्द दुकानाने वापरायचा नाही. ज्या फाइल कायमच्या उतरवून घेता येतात आणि इंटरनेटविना चालतात त्यांना या नियमातून सूट आहे. आपल्याकडे ग्राहकांना फसवणाऱ्या रचनांबद्दल २०२३च्या नोव्हेंबरात मार्गदर्शक तत्त्वं निघाली. त्यांत १३ प्रकार नोंदवलेले आहेत. परवान्याला खरेदी म्हणणं हा प्रकार त्या यादीत स्वतंत्रपणे नाही.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यातली ती सूट मला महत्त्वाची वाटते, कारण फाइल म्हणजे वाईट आणि तबकडी म्हणजे चांगली असा भाबडा निष्कर्ष काढण्यापासून ती वाचवते. संगीताची गोष्ट आठवा. ॲपलने २००९ साली आपल्या दुकानातल्या गाण्यांवरचं कुलूप काढून टाकलं. तेव्हा घेतलेलं गाणं आज कुठल्याही यंत्रावर वाजतं. संगीतव्यवसाय त्याने बुडाला नाही. चित्रपटांच्या बाबतीत मोठ्या स्टुडिओंनी हे कधी मान्य केलं नाही, आणि काही स्वतंत्र निर्मातेच तेवढे बिनकुलपी फाइल विकतात. अशी फाइल मिळत असेल तर मी तबकडीचा आग्रह मुळीच धरणार नाही. ती तबकडीपेक्षा बरी, कारण तिच्या प्रती काढून चार ठिकाणी ठेवता येतात.

कारण तबकडीही अमर नाही, आणि आपल्या हवेत तर नाहीच. सीडी आणि व्हीसीडीमध्ये चकाकणारा ॲल्युमिनियमचा थर लेबलाच्या बाजूला, वार्निशच्या पातळ लेपाखाली असतो. आपण खालची चकचकीत बाजू जपतो आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने नाव लिहितो, नेमकं उलट. डीव्हीडीत तो थर प्लॅस्टिकच्या दोन ०.६ मिलिमीटर चकत्यांच्या मध्ये, डिंकाने चिकटवलेला असतो. तो डिंक किंवा कडा बिघडल्या की हवा आत शिरते आणि थर काळवंडतो. अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सच्या २००६ ते २००९ या काळातल्या बऱ्याच डीव्हीडी अशा आतून सडल्याचं उघड झालं आणि २०२५ साली कंपनीने ते मान्य करून बदली प्रती देऊ केल्या. घरी लिहिलेल्या, म्हणजे 'बर्न' केलेल्या तबकड्यांत धातूच्या खड्ड्यांऐवजी रंगद्रव्य असतं, ते उन्हाने आणि वयाने फिकं पडतं. लग्नाच्या चित्रीकरणाची एकुलती एक डीव्हीडी ज्यांच्या कपाटात आहे त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी तिची प्रत काढावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर तबकड्यांवर बुरशीचे पांढुरके ठिपके येतात. ते बहुधा वरवरचे असतात आणि मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसले की जातात. गोल गोल पुसू नये, चरा माळेच्या दिशेने पडला तर लेसरला वाचता येत नाही.

यंत्रांचा प्रश्न त्याहून बिकट आहे. सॅमसंगने २०१९ साली अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेअर आणणं थांबवलं, एलजीने २०२४च्या सुमारास हा धंदा सोडला. लॅपटॉपमधून ड्राइव्ह कधीच गेला. बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह अजून हजार-दोन हजार रुपयांत मिळतो, तो मिळतोय तोवर घेऊन ठेवावा.

चित्राच्या दर्जाबद्दल फार लिहीत नाही. ब्लू-रे दर सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत चित्र देऊ शकते, इंटरनेटवरचं फोर-के साधारण १५ ते २५ देतं, हा फरक मोठ्या पडद्यावर आणि अंधाऱ्या दृश्यांत दिसतो. पण जुन्या मराठी चित्रपटांच्या तबकड्यांना हे मोजमाप लावण्यात अर्थ नाही. त्यांतल्या कित्येक जीर्ण प्रिंटवरून केलेल्या आहेत, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह शेवटपर्यंत चिकटलेलं असतं, आणि दोन तबकड्यांत बसवायला एखादं गाणं कापलेलंही मी पाहिलं आहे. यूट्यूबवर निर्मात्याने टाकलेली नवी प्रत त्याहून स्वच्छ असू शकते. ज्याला फक्त संध्याकाळी सिनेमा पाहायचा आहे त्याने खुशाल भाड्याने घ्यावा. खरेदीच्या बटणाला चौपट पैसे देण्यात मला तरी फायदा दिसत नाही.

मग हा सगळा खटाटोप कशासाठी? सिनेमाचा इतिहास म्हणजे प्रतींचा इतिहास आहे, म्हणून. १९३१चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, आज कुठेही उपलब्ध नाही. पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात ठेवलेल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला २००३च्या जानेवारीत आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या प्रती भस्मसात झाल्या. फ्रिट्झ लांगच्या १९२७च्या 'मेट्रोपोलिस'चा हरवलेला भाग २००८ साली सापडला तो जर्मनीत नव्हे, ब्वेनोस आयरेसच्या एका संग्रहालयात, कारण कधीकाळी एक पूर्ण प्रत तिकडे गेली होती. सरकारी संग्रह हवाच. पण ज्या कृतीच्या हजार प्रती हजार घरांत आहेत तिला आग, दिवाळखोरी आणि वारसांची भांडणं सहज पुसू शकत नाहीत. मराठी नाटकांच्या त्या व्हीसीडी आठवा. प्रकाशयोजना भडक, आवाजात घुमारा, कॅमेरे दोन किंवा तीन. तरीही त्यांतल्या कित्येक नटांचं रंगमंचावरचं चालणं-बोलणं दुसरीकडे कुठेच टिपलेलं नाही. मूळ टेप कुठे आहेत ते बंद पडलेल्या कंपनीला कोण विचारणार? या नाटकांच्या बाबतीत २८ रुपयांची तबकडी हाच दस्तऐवज आहे. अलीकडच्या मराठी चित्रपटांची मात्र तबकडी मला दुकानांत दिसत नाही. त्यांच्या प्रती निर्मात्याच्या हार्ड डिस्कवर आणि मंचांच्या सर्व्हरवर आहेत, आपल्यापैकी कुणाकडेही नाहीत.

दुसरा मुद्दा मुदतीचा. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९५३चा 'श्यामची आई' २०१४ सालापासून सगळ्यांचा झाला. दरवर्षी १ जानेवारीला असे आणखी चित्रपट मोकळे होतात. पण हक्क मोकळा झाला तरी प्रत मोकळी असावी लागते. तबकडी असेल तर तिची प्रत काढून कुणीही शाळेत दाखवू शकतो. चित्रपट फक्त कुलूपबंद सर्व्हरवर असेल तर कायद्याने दिलेला हक्क हाताला लागत नाही. २०१२च्या दुरुस्तीने आलेलं ६५-अ कलम यात थोडं उदार आहे. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणं हा त्यात गुन्हा ठरतो, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी उघडलं तर नाही. मात्र त्या कामात दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या व्यक्तीच्या नावापत्त्याची नोंद ठेवायची अशी अट आहे. असं रजिस्टर कुणी ठेवलेलं मी अद्याप पाहिलेलं नाही.

ग्रंथालयांसाठीही एक विचित्र तरतूद आहे. सार्वजनिक ना-नफा ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती संगणकात साठवता येते, पण त्याच्याकडे तिची 'डिजिटल नसलेली' प्रत असेल तरच. म्हणजे ग्रंथालयाकडे व्हीएचएस कॅसेट असेल तर तिची डिजिटल प्रत करता येईल. व्हीसीडी मुळातच डिजिटल, तिला ही सवलत लागू नाही. सडणारी तबकडी वाचवण्यासाठी आणखी एक दुरुस्ती हवी आहे. तोवर देणगी आणि देवघेव यांवर बंधन नाही: तबकडी भेट देणं म्हणजे विक्री नव्हे, आणि ना-नफा ग्रंथालयाने वर्गणीदाराला दिलेली तबकडी व्यावसायिक भाड्यात मोडत नाही.

हे वाचल्यावर मी नाटकांच्या दुहेरी झालेल्या काही व्हीसीडी आमच्या भागातल्या वाचनालयात घेऊन गेलो. ग्रंथपालबाईंनी आधी विचारलं, "लावायचं यंत्र कुठून आणायचं?" मग म्हणाल्या, "ठेवा, सभासदांकडे असेल कुणाकडे तरी." त्यांनी दाखल रजिस्टर काढलं. लेखक या रकान्यात नाटककाराचं नाव गेलं, प्रकाशकाच्या रकान्यात आता अस्तित्वात नसलेल्या कंपनीचं. किमतीच्या रकान्यात त्यांनी २८ लिहिलं. पृष्ठसंख्येपाशी त्या क्षणभर थांबल्या आणि लिहिलं, '२ तबकड्या'.